तुमचं बेश आणि माझे धपाटे

अक्का, तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले, आणि या पंधरा दिवसांत समाचाराला आलेल्या प्रत्येक माणसानं मला एकच वाक्य ऐकवलं आहे. टीचरनी जन्मात कोणावर हात उगारला नाही. कोणी तमिळमध्ये म्हणतं, कोणी आपल्या मराठीत, पण वाक्य तेच. आणि वाक्य संपलं की माणूस माझ्याकडे बघतो. कोपऱ्यावरच्या मामींनी तर तुमचा हार घातलेला फोटो आणि माझा उजवा हात यांच्याकडे आळीपाळीनं बघून घेतलं. मी कॉफीचा टंबलर पुढे केला.

तेरा दिवस रडण्यात आणि भांडी घासण्यात गेले. आता मला राग आला आहे. तुमचे धाकटे बंधू म्हणतात, "आता तिच्याशी काय भांडतेस, इंदू, ती गेली." ते म्हणणारच. सोळा वर्षं आपण दोघी भांडत असताना ते पेपरच्या आड बसले होते, आणि आता पेपर खाली ठेवून सल्ला देतायत. पण भांडण अर्धं टाकून गेलात तुम्ही, मी नाही. शिवाय एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. पाच वर्षं राहिली. ती आज सांगणार आहेच, पण आधी भांडून घेते.

मी सांगलीहून लग्न होऊन आले तेव्हा या मद्रासमध्ये ट्राम धावत होत्या. नवऱ्याचं घर म्हणजे तिरुवल्लिकेणीच्या देवळामागची अरुंद गल्ली, आणि घरात तुम्ही. तेराव्या वर्षी विधवा झालेली, वडिलांनी हट्टानं शिकवलेली, पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत दुसरीला शिकवणारी थोरली नणंद. तुमची मराठी तंजावरची, कोणे एके काळची. पहिले दोन महिने मला निम्मी कळलीच नाही. पण पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला कोपऱ्यावरच्या पिल्लैयारला, म्हणजे आपल्या गणपतीला, घेऊन गेलात. तिथे ऑफिसला निघालेले चांगले मोठे बाप्ये काखेत डबा धरून, उलट्या हातांनी कान पकडून उठाबशा काढत होते. आमच्याकडे उठाबशा म्हणजे शाळेतली शिक्षा. मी हळूच विचारलं, "या सगळ्यांनी काय केलंय?"

तुम्ही इतक्या हसलात की फुलवालीनं वळून पाहिलं. "काही केलं नाही गे! तोप्पुकरणम् म्हणतात. पिल्लैयारला हंसू यावं म्हणून करतात. तो हंसला की झालं."

देवाला हसू यावं म्हणून भर रस्त्यात कान पकडणारी ही कसली माणसं, असं मला वाटलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं की आपलं पटायचं नाही.

माझे वडील शाळामास्तर होते. त्यांच्या टेबलावर छडी असायची आणि घरीही ती खुंटीला असायची. चूक केली की छडी बसायची, आणि संध्याकाळी तेच वडील शेजारी बसवून आपल्या ताटातला गुळाचा खडा द्यायचे. चूक संपली, छडी संपली, गूळ खाल्ला. मला तो हिशोब सोपा वाटायचा, अजूनही वाटतो. तुमच्याकडे छडी नव्हती. तुमच्याकडे एकच शब्द होता. बेश. तोही एकदा नाही, दोनदा. "बेश, बेश!" दुसरीतलं पोर पाटीवर एक सरळ रेघ मारायचं आणि तुम्ही अशा आवाजात बेश म्हणायचात की त्या पोराला वाटायचं, आता राज्याभिषेकच होणार.

जया झाली आणि खरं युद्ध सुरू झालं. तिला कारलं खायचं नव्हतं. मी म्हटलं असतं, खा, नाही तर उपाशी झोप. तुम्ही तिला समोर बसवलंत आणि एकेका घासाला बेश. चार घास खायला पाऊण तास. भात गार, सांबार गार, आणि ताट घासायला मी. "पण खाल्लं की नाही लेंकरानं?" तुम्ही विजयी मुद्रेनं विचारायचात. खाल्लं हो. पण मग ती पोरगी पाण्याचा तांब्या आणून दिला तरी पुढ्यात उभी राहून तोंडाकडे बघायला लागली. हलायचीच नाही. बेश आल्याशिवाय तिचं काम पुरं होत नसे. मी म्हणायचे, "अगं, तांब्या आणलास, हिमालय नाही आणलास." तुम्हाला ते ऐकून वाईट वाटायचं आणि तुम्ही माझ्या वाट्याचं बेशसुद्धा तिला देऊन टाकायचात.

माझंही काही बरोबर नव्हतं, हे कबूल करते. शेजारच्या मुलीचा पट्टीचा तुकडा तिनं उचलून आणला आणि "सापडला" म्हणाली, तेव्हा मी दोन धपाटे घातले. पुढच्या वेळी तिनं खडू आणला तो माझ्या नजरेला पडणार नाही असा लपवला. एवढंच शिकली ती माझ्याकडून. तुम्ही तो खडू शोधून काढलात, काही बोलला नाहीत, तिला घेऊन शाळेत गेलात, तिनं तो परत ठेवला आणि तुम्ही तिला समुद्रावर नेऊन सुंडल, ते फोडणीचे उकडलेले चणे, खायला घातलंत. चोरी करून वर फिरायला! मी तुम्हाला तसं बोललेही. "चोरी केल्याबद्दल नाही गे, परत ठेवल्याबद्दल," तुम्ही म्हणालात. त्या दिवशी तुमचं खरं होतं. पण ते तुम्हाला तेव्हा मी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच मलाही बेश म्हणाला असतात आणि मला ते सहन झालं नसतं.

आता ती गोष्ट.

जया नऊ वर्षांची होती. नवरात्र. आपल्या घरचा कोलू, सात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. बाहुल्या पेटीतून काढून देणं तुमचं आणि पायरीवर ठेवणं माझं, कारण मी सवाष्ण आणि तुम्ही नव्हतात. तुम्ही खाली पाटावर बसून हुकूम सोडायचात: राम डावीकडे, पोलीस जरा मागे. सगळ्यांत खालच्या पायरीवर शेट्टियार, तो पोट सुटलेला मातीचा वाणी, पुढ्यात इवल्याशा वाट्यांमधून डाळ-तांदूळ मांडून बसलेला. तुमच्या आईला तिच्या लग्नात मिळालेला. तुमच्याकडे तिची तेवढीच एक वस्तू उरली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही शाळेत असताना, पायरीवरचं कापड सरळ करताना माझ्या कोपराचा धक्का लागला आणि शेट्टियारचा उजवा हात खांद्यापासून निखळला. मी मोडला, अक्का. मीच. घरात दुसरं कोणी नव्हतं.

मी घाईघाईनं कणकेची खळ केली आणि हात चिकटवला. संध्याकाळी तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. पण तुम्ही आलात त्या तुमच्या वर्गातली आठ-दहा पोरं घेऊनच, पाठोपाठ गल्लीतल्या बायका, मग गाणी, मग सुंडल. तुमच्या वर्गातली अलमेलू पायरीपाशी बसून गात होती आणि गाण्याच्या मधोमध शेट्टियारचा हात तुटून तुरीच्या डाळीत पडला.

कोपऱ्यावरच्या मामींनी लगेच अलमेलूकडे बोट केलं. "हीच मघापासून हात लावत होती." अलमेलूचे डोळे भरले. मी तोंड उघडलं होतं, अक्का. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात आणि तुमच्या त्या वर्गातल्या आवाजात म्हणालात, "कोणी कोणाचं नांव सांगायचं नाही. ज्यानं केलं त्यानं स्वतः सांगायचं. मी रागावणार नाही. खरं सांगणाऱ्याला मी सगळ्यांसमोर बेश म्हणणार."

आणि जया उभी राहिली. "आत्या, मी मोडलं."

तुम्ही तिला मांडीवर घेतलंत. नऊ वर्षांच्या घोडीला! डोळ्यांत पाणी आणून तीनदा बेश म्हणालात, खडीसाखर तिच्या तोंडात घातलीत, आणि तुमच्या आईची बाहुली मोडल्याबद्दल एक शब्द नाही. वीस बायका कौतुकानं बघत होत्या. त्या वेळी मी "थांबा, मी मोडलंय" म्हणाले असते तर माझी मुलगी सगळ्या गल्लीसमोर खोटारडी ठरली असती. असं मी स्वतःला सांगितलं. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं हे की खोटं बोलल्याबद्दल मुलीला धपाटे घालणारी बाई स्वतः खळ लावून हात चिकटवते, हे मला तुमच्यासमोर म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयाच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. ती हसत हसत धावली, "आत्या, दूध मी सांडलं!" बेश घ्यायला. मी तिला मधेच धरलं आणि पाठीत असा धपाटा घातला की माझा हात हुळहुळला. वर देवासमोर उभं करून कान पकडायला लावले आणि अकरा उठाबशा काढायला लावल्या, ती रडत असताना. तुम्ही धावत आलात. "काल खरं बोललं लेंकरू, आणि आज मारतेस? आणि हे काय? देवाला हंसवायची गोष्ट तूं लेंकराला रडवायला वापरतेस?"

मी म्हटलं, "माझी मुलगी आहे, मी बघून घेईन."

दसऱ्यापर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मीठ हवं असलं तरी भावामार्फत. तुम्हाला वाटलं मी दुधासाठी मारलं. तो धपाटा दुधाचा नव्हता, अक्का. माझाच होता, बसला तिला.

तरी ते तिथेच संपलं असतं. पण तुम्ही मास्तरीण! दर वर्षी शाळा उघडली की पहिल्या दिवशी दुसरीच्या वर्गाला तुम्ही शेट्टियारच्या हाताची गोष्ट सांगायला लागलात. माझी भाची खरं कशी बोलली. पाच वर्षं, पाच वर्ग. नळावर पाण्याला गेलं तरी पोरं जयाकडे बोट दाखवून म्हणायची, तीच ती. आणि मी घागर भरून घेत उभी.

तुम्ही गेलात आणि ते सगळे वर्ग समाचाराला आले. तेराव्याला तुमचा एक जुना विद्यार्थी आला, आता बसवर कंडक्टर आहे. खाकी कपड्यांतच आला, तिकिटांची पिशवी गळ्यात. तुम्ही त्याला दुसरीत बेश म्हणाला होतात, तो दिवस सांगताना ओक्साबोक्शी रडला. माझा धपाटा आठवून कोणी असं रडेल का, हा विचार मला त्या वेळीही शिवलाच. गोष्ट त्यालाही कोणीतरी सांगितली होती. जाताना त्यानं जयाच्या डोक्यावर हात ठेवला. "टीचरची खरी शिष्या तू."

जया मागच्या दारी गेली आणि ओकली. त्या आधीही चार दिवस ती धड जेवत नव्हती. मला वाटलं दुःख आहे.

काल दुपारी मी तांदूळ निवडत होते. ती येऊन समोर उभी राहिली. चौदा वर्षांची, माझ्याएवढी उंच, आणि दोन्ही कान पकडलेले.

"आई, मला मार."

"काय केलंस?"

"शेट्टियारचा हात मी मोडला नव्हता. मी खोटं बोलले."

मी सूप खाली ठेवलं. मी विचारलं, "अलमेलूला वाचवायला बोललीस ना?" मला ते उत्तर हवं होतं.

"नाही. ते मला नंतर सुचलं. मला फक्त बेश हवं होतं. सगळ्यांसमोर." मग ती रडायला लागली. "आत्याला सांगायचं म्हटलं की तिचा चेहरा दिसायचा. दर वर्षी ती गोष्ट सांगायची. तुला सांगितलं असतं तर तू मारलं असतंस आणि झालं असतं. तिला कसं सांगू? आता ती गेली. आई, तू मार ना. म्हणजे होऊन जाईल."

ऐकलंत, अक्का? सोळा वर्षांचं भांडण मी जिंकले. तुमच्या भाचीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की तुमच्या बेशपेक्षा माझा धपाटा बरा. आणि माझा हात उठेना. एरवी ऊठसूट उठणारा हात मेल्यासारखा मांडीवर पडून राहिला. बेश म्हणावं म्हटलं, खरं सांगितलं ना पोरीनं, तर तो शब्दही म्हणवेना. तो तुमचा होता.

मग मी तिला सांगितलं. कोपर, खळ, सगळं.

तिनं धरलेले कान सोडले. "मग तू का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

"कोणाची? आत्या कधी मारायची नाही."

"म्हणूनच," मी म्हटलं.

आम्ही मायलेकी त्या निवडलेल्या-न निवडलेल्या तांदळांपुढे बसलो आणि दोघींनाही तुमचा भयंकर राग आला. आणि मग मला ते आठवलं.

मोडल्यानंतरच्या प्रत्येक नवरात्रात तुम्ही शेट्टियार सगळ्यांत शेवटी काढायचात. आधी तो इतर बाहुल्यांबरोबर निघायचा, मग नाही. कापड स्वतः सोडायचात, सांधलेला हात अंगठ्यानं दाबून बघायचात आणि माझ्या हातात देऊन म्हणायचात, "हा तूं ठेव, इंदू. सावकाश." मी ठेवला की माझ्याकडे बघत राहायचात. जरा जास्तच वेळ. आणि मग हळूच, एकदाच, "बेश." घरात मला मिळालेलं तेवढंच बेश, वर्षातून एकदा. मला वाटायचं, माझ्या जपून ठेवण्याचं कौतुक आहे.

कणकेची खळ या घरात कोण करतं, अक्का? तुम्ही तर भाताची शितं लावून पाकिटं चिकटवायचात. तुमच्या आईच्या बाहुलीचा तुटलेला हात तुम्ही त्या रात्री हातात घेतला असणार. त्यावर वाळलेली कणीक तुम्हाला दिसली नाही, असं मी समजू?

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मला तुमच्या वर्गातल्या पोरासारखं पाच वर्षं पुढ्यात उभं करून ठेवलंत, आता सांगेल, मग सांगेल म्हणून? मी इतकी शहाणी असते तर काय हवं होतं! दोन थोबाडीत द्यायच्या होत्या, त्याच संध्याकाळी. मी रडले असते, तुमच्याशी चार दिवस अबोला धरला असता, आणि मग आपण दोघी मिळून जयाला समजावलं असतं. आणि ठाऊक असताना वर्गात ती गोष्ट कशी सांगत राहिलात? की ठाऊक नव्हतंच, आणि मीच आता तुम्हाला अंतर्यामी करून ठेवतेय? हेही तुम्ही सांगितलं नाहीत. तुमच्याशी बोलण्यात हीच पंचाईत होती, चांगलं तेवढं तोंडभर बोलायचात आणि वाईट सगळं पोटात ठेवायचात.

आज संध्याकाळी जयाला घेऊन कोपऱ्यावर गेले. पाच वाजले असतील, ऑफिसं सुटत होती, रस्ता माणसांनी भरलेला. पदर खोचला, उलट्या हातांनी कान पकडले आणि तिला म्हटलं, "मोज."

"किती?"

"अकरा. तुला लावल्या होत्या तेवढ्या."

फुलवाली तीच आहे, म्हातारी झाली आहे. तिनं वळून पाहिलं. चौथीला माझा गुडघा वाजला. सहावीला तोल गेला आणि मी पिल्लैयारच्या कठड्याला धरलं. जया आधी गंभीर होती; सातवीला तिच्या ओठांचा कोपरा हलला; नववीला ती फिसकन हसली, आणि मग तिला हसू आवरेना, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. हसतच तिनं अकरापर्यंत मोजलं. मग ती माझ्या शेजारी उभी राहिली, कान पकडले आणि स्वतःच्या अकरा काढल्या. त्या मी मोजल्या.

माझ्या झाल्या तेव्हा मी लगेच हलले नव्हते, अक्का. कान तसेच धरून मी तिच्या तोंडाकडे बघत उभी होते. कशासाठी, ते मला कळलं नाही, पण तिला कळलं. तांब्या आणून दिल्यावर ती अशीच उभी राहायची ना.

"बेश," ती म्हणाली. तुमच्याच आवाजात.

आणि मला भर रस्त्यात, फुलवालीसमोर, रडू कोसळलं.

पण भांडण मिटलं असं समजू नका. यंदा वर्ष पाळायचं, कोलू नाही. पुढच्या नवरात्रात शेट्टियार पेटीतून मलाच काढावा लागणार आणि मलाच ठेवावा लागणार. तो उद्या कोणाच्या हातून पडला, तर त्या पोराचं काय करायचं ते मला अजूनही माहीत नाही. हे विचारायला आता घरात तुम्ही नाही, आणि याचा मला सगळ्यांत जास्त राग आला आहे.